धारण तलावावरची रेडिओ-पेटी: छेडछाड लपणार नाही अशी कशी बांधायची

नवी मुंबईचे बरेच भाग उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहेत. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरती चढली की खाडीकडच्या झडपा मिटतात आणि शहराचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा उघडतात आणि ते पाणी खाडीत जातं. झडपेच्या आतली पातळी, बाहेरची पातळी आणि झडप उघडी की मिटलेली, एवढं दर दहा मिनिटांनी रेडिओवरून कळवणारी पेटी कशी बांधायची, ते इथे दिलं आहे. पातळीमापकाच्या जागी पीएच किंवा प्रवाहमापक लावला तर हीच बांधणी तळोजा किंवा रबाळ्याच्या कारखान्यांच्या नाल्यावर चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली १७ प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितली. तेव्हापासून आकडा चुकीचा दिसावा असं वाटणाऱ्यांचीही वाण राहिलेली नाही. गाळ न काढता बिल लावणाऱ्यालाही पातळीचा आलेख अडचणीचाच असतो.

पेटी उघडताच येणार नाही, हा हट्ट आधी सोडावा. बॅटरीवरचा ग्राइंडर कुठलीही पेटी दोन मिनिटांत कापतो. दोन गोष्टी साधायच्या आहेत: उघडल्याचं लपू नये, आणि उघडणाऱ्याच्या हाती किल्ली, म्हणजे आकड्यांवर सही करणारा पेटीतला गुप्त अंक, लागू नये. गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या उपकरणांसाठीच्या अमेरिकेच्या जुन्या फिप्स १४०-२ मानकातही (२०१९ मध्ये त्याची जागा १४०-३ ने घेतली) पायऱ्या अशाच होत्या. दुसऱ्या स्तराला छेडछाडीची खूण दिसायला हवी होती, तिसऱ्याला झाकण उघडताच किल्ल्या पुसल्या जायला हव्या होत्या. आपली पेटी या दोन्हींच्या मधली आहे: बाहेरच्या कवचावर खूण, आतल्या गाभ्यावर पुसणं.

कोणापासून राखायचं

कागदावर चार नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याला काय हवंय ते लिहा. खाऱ्या हवेला तांबं हवंय. भंगारवाल्याला स्टील, बॅटरी आणि सोलर पॅनल. आकड्यात हितसंबंध असलेल्याला खोटी पातळी हवीय. प्रयोगशाळेत बसून चिप उकरणाऱ्याला किल्ली. नवशिके बहुतेक पैसा चौथ्यावर घालतात, आणि पेटी पहिल्या दोघांच्या हातून जाते. तिसरा एनक्रिप्शनच्या वाटेला जातच नाही. तो मापक उचलून पाण्याच्या बादलीत ठेवतो. सगळी सही-शिक्के शाबूत राहून आकडा खोटा येतो. त्यावर उपाय पुढे भरतीच्या भागात आहे.

कवच

स्टेनलेसची पेटी दिसायला मजबूत असते, पण इथे ती दोनदा नडते: भंगारात तिला भाव मिळतो, आणि धातूच्या आत अँटेना चालत नाही. युव्ही-स्थिर पॉलिकार्बोनेट किंवा फायबरची (एसएमसी) करड्या रंगाची पेटी घ्या, आयपी ६७ आणि आयके १० दर्जाची. आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी अडवणारी, आयके १० म्हणजे २० ज्यूलचा ठोका सोसणारी. बाहेर काठीसारखी अँटेना लावू नका. तिला पोरं लटकतात आणि वीजही तीच शोधते. अँटेना आतच, झाकणाच्या बाजूला ठेवा. सोलर पॅनलही नको. पॅनल गेलं की पेटीही आठवड्याभरात जाते. त्याऐवजी न चार्ज होणारा लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल वापरा. हिशेब पुढे दिला आहे.

खिळे, बोल्ट, पट्ट्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या हव्यात. ३०४ ला खाडीकाठी खड्डे पडतात, आणि गंजलेला स्क्रू काढताना झाकणाची कड तुटते. मग पुढची प्रत्येक तपासणी संशयास्पद दिसते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्टेनलेसचा बोल्ट लावायचाच असेल, तर मधे नायलॉनचा वॉशर आणि बुश घाला.

आता झिरपणारं पाणी. दुपारी ६० अंशांवर तापलेल्या पेटीवर जूनची पहिली सर पडते आणि आतली हवा काही मिनिटांत २६ अंशांवर येते. हवा सुमारे १० टक्के आकसते, म्हणजे पेटीत साधारण १० किलोपास्कलचा उणा दाब तयार होतो. तो एक मीटर पाण्याच्या स्तंभाइतका आहे. आयपी ६७ ची परीक्षा नेमकी एक मीटरवर अर्ध्या तासाची असते, आणि तीही नव्या गॅस्केटची. तीन पावसाळे झालेलं गॅस्केट पाणी आत ओढतं. म्हणून पेटीच्या तळाला ईपीटीएफईचा श्वासपडदा बसवा, एम १२ आट्यांचा मिळतो. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही. वाफ मात्र जाते. त्यामुळे सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात काही दिवसांतच भरून निकामी होते. ती ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. ओलावा आत येणारच असं धरून बोर्डावर लेप द्यायचा.

लेप कुठला, यावर बरेच फसतात. खाडीच्या चिखलातून आणि सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो. सिलिकोनचा लेप पाणी अडवतो, पण गंधकाचे वायू त्यातून सहज जातात. आत साध्या चिप रेझिस्टरच्या टोकांतली चांदी काळी पडून सल्फाइड होते आणि रेझिस्टर तुटतो. ॲक्रिलिक किंवा युरेथेनचा लेप द्या, दोन हात, कडांवर नीट. रेझिस्टर ‘अँटी-सल्फर’ जातीचेच मागवा. बोर्डाचा मुलामा ईएनआयजीचा, म्हणजे निकेलवर सोनं, असा सांगा. इमर्शन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा मुलामा, इथे चालत नाही.

वायरी खालूनच आत घ्या. ग्लँडआधी (वायर घट्ट धरणाऱ्या तोंडाआधी) वायरीला खाली झुकलेला झोल ठेवा, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं. रिकाम्या ग्लँडला बूच मारा. न मारल्यास मुंग्या घर करतात, आणि मुंग्यांमुळे येणारा खोटा इशारा शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

गाभा: जाळी आणि पुसणं

सगळी पेटी जाळीत गुंडाळायची गरज नाही, आणि तसं करूही नये: जाळी म्हणजे तुटली की कळणाऱ्या बारीक रेघा, त्या तांब्याच्या असतात आणि अँटेना झाकून टाकतात. किल्ल्या असतात तेवढंच बेट, साधारण ३० बाय ३० मिमीचं, जाळीने बंद करा. अँटेनापासून ते किमान तीन सेंटिमीटर लांब असू दे. बेटात हे हवं:

एसटीएम३२यू५८५ कंट्रोलर, एटीईसीसी६०८बी ही सही करणारी चिप, टॅब जोडलेला बीआर२३३०ए नाणेसेल, २५५ मिलिअँपिअर-तासांचा, आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल. रेडिओ (एसएक्स१२६२), मोजणीचं सर्किट, मोठा सेल, चार मेगाबाइटची फ्लॅश मेमरी, हे सगळं बेटाबाहेर.

नाणेसेल सीआर२०३२ का नको? तापलेल्या पेटीत तो झिजतो, आणि होल्डरचे संपर्क गंजतात. बीआर-ए मालिका १२५ अंशांपर्यंत चालते आणि टॅब थेट झाळता येतो. घड्याळ आणि जाळी मिळून ३ मायक्रोअँपिअर धरले तरी वर्षाला सुमारे २६ मिलिअँपिअर-तास जातात. सेल पेटीच्या आयुष्याला पुरून उरतो.

जाळीसाठी मुख्य बोर्ड सहा थरांचा घ्या आणि पाचव्या थरावर बेटाखाली नागमोडी रेघा ओढा. रेघ ०.१५ मिमी, फट ०.१५ मिमी. एवढं साधं काम कुठलाही पीसीबी कारखाना करतो. या मापाला ०.५ मिमीचं ड्रिल कुठूनही घातलं तरी किमान एक रेघ पुरती तुटते. वरचं झाकण म्हणजे त्याच रेघांचा दुसरा बोर्ड, आणि चार भिंती म्हणजे उभ्या झाळलेल्या पट्ट्या. एकूण चार वेगळी वेटोळी करा आणि शेजारच्या दोन रेघा कधीही एकाच वेटोळ्याच्या असू देऊ नका, म्हणजे तुटणं आणि जुळणं दोन्ही पकडलं जातं. रेघा बाहेरच्या थरावर काढू नका. कोपऱ्याच्या सांध्यांवर विशेष लक्ष द्या, कारण पहिला हल्ला तिथेच होतो.

जाळीवर स्थिर व्होल्टेज ठेवलं तर हल्लेखोर दोन टोकांना तार झाळून मधलं सगळं कापू शकतो. यू५ मालिकेत ‘ॲक्टिव्ह टॅम्पर’ आहे: एका पायावर यादृच्छिक बिटं सोडली जातात आणि दुसऱ्या पायावर तीच येतात का, हे चिप स्वतः तपासते. चारही वेटोळ्यांना वेगळा नमुना द्या. जुळलं नाही तर चिप ३२ बॅकअप रजिस्टरं आणि दोन किलोबाइटची बॅकअप मेमरी स्वतःच पुसते. त्यासाठी सॉफ्टवेअर जागं असावं लागत नाही, मुख्य सेल काढलेला असला तरी चालतं. व्होल्टेज, तापमान आणि क्रिस्टलवरचे आतले पहारेही चालू ठेवा. चिप गोठवून मेमरी टिकवण्याची युक्ती जुनी आहे.

एसटीएम३२एल४ सारखी जुनी चिप हाताशी असेल तर स्थिर जाळीवर भागवावं लागतं. तिथे टॅम्पर पायाची पातळी सेकंदाला १ ते १२८ वेळा तपासता येते आणि २, ४ किंवा ८ नमुने ओळीने जुळल्यावरच निकाल लावता येतो. सेकंदाला १२८ वेळा, ८ नमुने ही मांडणी ठेवा. बाहेरून पुल-अप (पायाची पातळी वर धरणारा रेझिस्टर) लावणार असाल तर मोठा आकडा घेण्याचा मोह आवरा. ४.७ मेगाओहमला फक्त ०.६४ मायक्रोअँपिअर लागतात हे खरं, पण इतक्या मोठ्या रेझिस्टरसमोर लेपाखालचा ओलावाही शॉर्ट भासतो, आणि जुलैच्या एका पहाटे पेटी स्वतःच्याच किल्ल्या पुसून बसते.

याच कारणाने छेडछाडीच्या दोन पायऱ्या ठेवायच्या. झाकणाचा मायक्रोस्विच, प्रकाश-संवेदक आणि हादरामापक यांनी फक्त नोंद करून इशारा पाठवायचा, काहीही पुसायचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक, दगड मारणारी पोरं, चौथ्या महिन्यात सैल पडलेला बोल्ट, हे सगळं या पायरीत येतं. पुसणं फक्त जाळीने करायचं. झाकणाला चुंबकी रीड-स्विच लावू नका, बाहेरून चुंबक धरला की तो फसतो. प्रकाश-संवेदक रात्री आंधळा असतो, म्हणून तो मायक्रोस्विचला पूरक ठेवायचा, त्याची जागा घेऊ द्यायची नाही.

आणि ‘देखभाल मोड’ नको. आपला माणूस पेटी उघडणार असेल तर त्याने आधी सर्व्हरवर नोंद करावी, पण पेटीने इशारा द्यायचा तो द्यावाच. पहारा बंद करणारा कोड एकदा अस्तित्वात आला की तो कंत्राटदाराच्या फोनमध्ये पोचतो.

किल्ल्या

सहीची किल्ली (पी-२५६) एटीईसीसी६०८बी मध्येच जन्मते आणि बाहेर येत नाही. पण अख्खा बोर्ड चोरला तर तीच चिप चोरासाठी सही करेल. म्हणून त्या खाचेला ‘वापरण्याआधी ओळख पटव’ (रिक्वायर-ऑथ) अशी अट घाला. ओळखीचं ३२ बाइटचं गुपित बॅकअप रजिस्टरांत ठेवा. त्याला आठ रजिस्टरं लागतात. जाळी तुटली की गुपित गेलं, आणि सहीची चिप मुकी झाली. लोरावॅनची (कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओ-पद्धतीची) १६ बाइटची ॲप-की, म्हणजे नेटवर्कात शिरायची किल्ली, आणखी चार रजिस्टरांत.

मग छेडछाडीची बातमी द्यायची कशी, किल्ल्या तर गेल्या? साध्या फ्लॅशमध्ये पेटीची दुसरी, दुय्यम ओळख ठेवा: वेगळा डेव्ह-ईयूआय (पेटीचा रेडिओवरचा क्रमांक), वेगळी किल्ली, आणि तिच्यावरून सर्व्हर फक्त एकच निरोप स्वीकारतो, ‘जाळी तुटली’. ही किल्ली चोराला मिळाली तरी त्याला खोटी बोंब मारण्यापलीकडे काही करता येत नाही.

किल्ल्या भरण्याचा क्रम:

१. नेटवर्क नसलेला लॅपटॉप, दोन माणसं. एक करतो, दुसरा वही भरतो.
२. एटीईसीसीची मांडणी लिहा, वाचून पडताळा, मगच कॉन्फिग झोनला कुलूप लावा. हे कुलूप उघडत नाही. दहा पेट्या करायच्या असतील तर तेरा चिपा घ्या, पहिली नुसती सरावाला.
३. किल्ली चिपमध्ये निर्माण करून फक्त सार्वजनिक किल्ली आणि अनुक्रमांक बाहेर घ्या. मग डेटा झोनलाही कुलूप.
४. जाळीचं झाकण बसवा, सेल जोडा, टॅम्पर चालू करा, आणि मगच गुपितं रजिस्टरांत लिहा. क्रम उलटा केला तर झाकण बसवताना सगळं पुसलं जातं.
५. एक पेटी मुद्दाम फोडा. ०.५ मिमीच्या ड्रिलने भोक पाडून किल्ल्या गेल्या का आणि दुय्यम ओळखीवरून बोंब आली का ते पाहा. हे केल्याशिवाय बाकीच्या पेट्या बाहेर जाऊ देऊ नका.
६. सगळ्यात शेवटी कंट्रोलरचं वाचन-संरक्षण दुसऱ्या स्तरावर न्या.

सहाव्या पायरीवर थांबून विचार करा. पहिल्या स्तरावरून मागे येता येतं, फक्त फ्लॅश पुसली जाते. दुसऱ्या स्तरावर डीबग पोर्ट बंद होतो, आणि ओईएम-२ ही परत उघडण्याची किल्ली आधी भरली नसेल तर परतीचा रस्ता नाही. बूटलोडरमध्ये (चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या कोडमध्ये) चूक राहिली तर ती पेटीच्या जन्मभराची. रेडिओवरून सही केलेलं नवं फर्मवेअर घेणं, आणि अर्धवट आलं तर जुन्यावर परत जाणं, हे दोन्ही मधेच वीज तोडून तपासलेलं असलं पाहिजे. जुनी आवृत्ती परत चढवता येऊ नये म्हणून आवृत्तीचा आकडा फक्त वरच जाऊ द्या.

ॲप-की सगळ्या पेट्यांना एकच, किंवा डेव्ह-ईयूआयवरून काढलेली, ही चूक अजून दिसते. काही मापकांच्या पेटीवरच्या स्टिकरवर ती छापलेलीही असते. कुठलाही क्यूआर कोड पेटीवर राहू देऊ नका. सिरियल पोर्टवर बाहेर पडणाऱ्या डीबग ओळी काढून टाका आणि चाचणीचे पॅड जाळीखाली घ्या.

सुरक्षा-चिप अधिकृत वितरकाकडूनच मागवा. मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक बाजार ग्लँड, वायर, हीट-श्रिंक यांना उत्तम, पण खरवडून नवं नाव छापलेली चिप तिथे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

पॅकेट

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. २०२१ आधी तो ८६७ पर्यंतच होता. लोरावॅनची आयएन८६५ मांडणी घ्या. तिचे तीन मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झचे आहेत. बाजारातलं युरोपी मॉड्यूल ८६८.१, ८६८.३, ८६८.५ वर बोलतं. तीनही चॅनेल आपल्या पट्ट्याबाहेर पडतात. विकत घेताना ‘८६८’ एवढंच लिहिलेलं चालतं, पण फर्मवेअर बदलल्याशिवाय चालू करू नका. उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या बिनतारी विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरण-मान्यतेची, नोंद लागते.

नोंद १५ बाइटची: मोजआकडा (नोंदीचा वाढता क्रमांक) ४, वेळ ४, आतली पातळी २, बाहेरची २, झडप व इशारे १, पेटीचं तापमान १, बॅटरी १. तिच्यामागे आपली स्वतःची ८ बाइटची सीमॅक मोहोर, म्हणजे गुप्त किल्लीने काढलेली पडताळणीची खूण. लोरावॅनची चार बाइटची मोहोर असते, पण ती नेटवर्क चालवणाऱ्याच्या हातची. आकडा पेटीपासून आपल्या सर्व्हरपर्यंत तोच राहिला, हे सांगायला आपली मोहोर वेगळी हवी.

सही मात्र प्रत्येक नोंदीला परवडत नाही. पी-२५६ ची सही ६४ बाइटची, आणि एसएफ१२ ते एसएफ१० वर पॅकेटमध्ये जागा ५१ बाइटची (एसएफचा आकडा जितका मोठा, तितका रेडिओ संथ पण लांबवर पोचणारा). म्हणून साखळी करा: प्रत्येक नोंद फ्लॅशमध्ये लिहिताना आधीच्या नोंदीचा एसएचए-२५६ गोषवारा (हॅश) तिच्यात मिसळायचा, आणि चोवीस तासांतून एकदा साखळीच्या टोकावर सही करायची. सर्व्हर टोक स्वतः काढतो, त्यामुळे फक्त सही पाठवायची. एसएफ९ वर (११५ बाइट) ती एका पॅकेटात जाते, त्याहून संथ वेगाला दोन पॅकेटं लागतात. मधली एक नोंद जरी गाळली तरी सही जुळत नाही, आणि सर्व्हर तेवढी नोंद परत मागतो. ३२ बाइटच्या नोंदी दिवसाला १४४ धरल्या तर चार मेगाबाइटमध्ये सुमारे ९०० दिवस मावतात.

बॅटरीचा हिशेब इथेच ठरतो. हे २३ बाइट एसएफ९ वर ०.२७ सेकंदात जातात, एसएफ१२ वर जवळपास २ सेकंद घेतात. एसएक्स१२६२ पूर्ण ताकदीवर (२२ डीबीएम) ११८ मिलिअँपिअर खातो, म्हणजे वर्षाला एसएफ९ वर साधारण ०.४७ अँपिअर-तास आणि एसएफ१२ वर ३.४. चार-ते-वीस मिलिअँपिअरचे दोन दाबमापक, १२ व्होल्टवर प्रत्येकी एक सेकंद एकामागून एक चालवले, तर वर्षाला २.३. झोपेचे १० मायक्रोअँपिअर म्हणजे ०.१ हून कमी. डी आकाराचा १९ अँपिअर-तासांचा सेल उष्णतेसाठी ७० टक्केच धरला, तर एसएफ९ वर चार वर्षांहून जास्त निघतात आणि एसएफ१२ वर जेमतेम सव्वादोन. पारसिकच्या डोंगराआड जागा असेल तर ताकद वाढवत बसू नका, दुसरा गेटवे (पॅकेटं पकडून सर्व्हरकडे धाडणारा रेडिओ) लावा. दुसरी गोष्ट, थायोनिल सेलवर पडून पडून आतून थर बसतो आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज कोसळतं. त्यासाठी समांतर एचएलसी जातीचा, झटक्याचा प्रवाह पुरवणारा कपॅसिटर आवश्यकच आहे. तो नसला की पेटी पाठवण्याच्या क्षणी रीसेट होते आणि लोक तासन् तास सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात.

रेडिओ कोणी दाबून टाकला तर पेटीला काही करता येत नाही. सर्व्हरला करता येतं. तीन नोंदी ओळीने आल्या नाहीत की तो इशारा समजायचा आणि माणूस पाठवायचा. गप्प पेटीला ‘नेटवर्क गेलं असेल’ म्हणून सोडून देणं हेच हल्लेखोराला हवं असतं.

भरतीची परीक्षा

बादलीतल्या मापकावर इलाज खाडीच देते. झडपेबाहेरची पातळी रोज दोनदा चढते-उतरते, दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, आणि रोज भरती जवळपास ५० मिनिटं उशिरा येते. बादलीतला आलेख सपाट असतो. हुशार माणूस कालचा आलेख आज परत वाजवेल, तर तो ५० मिनिटांनी चुकेल. गेल्या पंधरवड्याचा वाजवला तर वेळ बरीच जुळेल, पण उंची जुळायची नाही, आणि मोजआकडा व वेळ तर मोहोरीत बांधलेलेच आहेत.

सर्व्हरवर तीन तपासण्या ठेवा. बाहेरच्या मापकाची भरतीची वेळ कोष्टकाशी ताडा. ठाणे खाडीच्या आत पाणी मुंबई बंदराच्या मानाने थोडं उशिरा पोचतं, तो फरक प्रत्येक जागेचा पहिल्या महिन्यात मोजून घ्या. कोळ्यांचा जुना हिशेब, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हाही पटकन पडताळायला उपयोगी: अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमेला अकरा-बाराच्या. दुसरी तपासणी उंचीची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात फरक मोठा, अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीत, लहान. तिसरी सगळ्यात उपयोगी: झडप मिटलेली असताना आतली आणि बाहेरची पातळी एकत्र हलता कामा नये. ती हलत असेल तर झडपेत कचरा अडकलाय किंवा मापक बदलला गेलाय. दोन्हींसाठी माणूस पाठवायचाच आहे, त्यामुळे दोन्हींत फरक करत बसायला नको.

पेटीच्या तापमानाचाही आलेख ठेवा. घरात नेऊन ठेवलेल्या पेटीला दुपारचं ऊन लागत नाही.

ओतकाम

बेटाचं झाकण तपासून झालं की वरून इपॉक्सी ओता. पॉलियुरेथेन पावसाळ्यात नको: हवेतल्या पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात आणि घट्ट दिसणारा गोळा आतून स्पंज निघतो.

बोर्ड ६० अंशांवर दोन तास सुकवा. क्रिस्टल आणि मोठ्या सिरॅमिक कपॅसिटरांवर आधी मऊ सिलिकोनचा थेंब द्या, कारण इपॉक्सी आकसते तेव्हा तेच तडकतात. दोन्ही भाग वजनाने मोजा, अंदाजाने नाही. जमलं तर निर्वात भांड्यात हवा काढा. एका वेळी १० मिमीपेक्षा जाड थर ओतू नका, नाहीतर स्वतःच्या उष्णतेने तापून जाळीचे सांधे ओढले जातात. अँटेनाजवळ इपॉक्सी गेली तर तिची जुळणी सरकते, म्हणून तिथे मेणाच्या मातीचा बांध घाला. थायोनिल सेल कधीही ओतकामात बुडवू नका.

ओतल्यावर २४ तासांनी जाळी पुन्हा तपासा. बेट या टप्प्यावर मेलं तर तो बोर्ड वाया, म्हणून खऱ्या, अंतिम किल्ल्या भरणं (वरची चौथी पायरी) ओतकामानंतर, रेडिओवरून किंवा बेटाबाहेर आणलेल्या एका पोर्टवरून करणं अधिक शहाणपणाचं. तो पोर्ट नंतर फर्मवेअरने कायमचा बंद करायचा.

जागेवर

पेटी २६ जुलै २००५ च्या पाण्याच्या खुणेच्या वर हवी. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, आणि जुने रहिवासी भिंतीवरची खूण अजून दाखवतात. कांदळवनात खांब रोवायचा असेल तर कांदळवन कक्षाची परवानगी आधी, खड्डा नंतर. तलावाच्या भिंतीसाठी ती ज्यांची आहे त्या संस्थेचं पत्र खिशात ठेवा. पत्र नसलं तर सुरक्षारक्षकच पेटी उतरवून ठेवतो. मीठ-फवारा आणि दमट उष्णतेच्या चाचण्या अंधेरी एमआयडीसीतल्या ईआरटीएल (पश्चिम) मध्ये होतात. मिठासाठी आयईसी ६००६८-२-५२ मागा, नुसती सलग फवाऱ्याची जुनी चाचणी इथल्या ओल्या-सुक्या हवेशी तितकी मिळती नाही.

झाकणाच्या स्क्रूंना मधे खुंटी असलेले टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) डोके घ्या. तो पाना कुठेही मिळतो, त्यामुळे त्याने फक्त उचलेगिरी थांबते. खरी खूण चमकीच्या नेलपॉलिशची: प्रत्येक स्क्रूवर जाड थेंब, वाळल्यावर जवळून फोटो. चमकीचे कण कसे पडतील ते पुन्हा कोणालाच जुळवता येत नाही. २०१३ साली हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये ही युक्ती लॅपटॉपसाठी मांडली गेली, पेटीवरही तितकीच चालते. ऊन लागलं की रंग उडतो, म्हणून स्क्रूंवर टोपणं लावा. फोटो नेहमी त्याच अंतरावरून, तिरप्या टॉर्चच्या उजेडात, आणि जुन्या-नव्या फोटोंची तुलना फोटो काढणाऱ्याने करू नये.

फेरी वर्षातून दोनदा पुरते: मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये. श्वासपडद्यावरचं मीठ गोड्या पाण्याने धुवा, दाबमापकाच्या वायरीतली हवेची नळी मोकळी आहे का पाहा, आणि मापकाला हाताने एक मीटर उचलून सर्व्हरवर बरोबर एक मीटर उतरला का ते फोनवर विचारा.

निवृत्त करताना आधी सर्व्हरवर पेटीची सार्वजनिक किल्ली रद्द करा, मग जाळी मुद्दाम तोडा आणि दुय्यम ओळखीवरून बोंब आल्याची नोंद घ्या. थायोनिल सेल वेगळा काढा. तो चार्ज करायचा नाही, फोडायचा नाही. बोर्ड नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या, रस्त्यावरच्या भंगारात नाही. त्या पेटीचा डेव्ह-ईयूआय पुन्हा कुठल्याही पेटीला देऊ नका.